‘ती फाइल व्हिज्युअल स्टुडिओची, आपली नव्हे’

प्रश्न : सांगलीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. पतसंस्थांसाठीचे आमचे सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये लिहिलेले आहे. एका सोल्यूशनमध्ये (म्हणजे एकत्र बांधलेल्या प्रोजेक्टांच्या संचात) १४ प्रोजेक्ट आहेत आणि आम्ही सहाजण त्यावर काम करतो. कोड गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, आहे. पूर्वी दर दोन-चार दिवसांनी एसएलएन (सोल्यूशनची) आणि सीएसप्रोज (एकेका प्रोजेक्टची) फाइलींमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना तंटे, यायचे आणि ते सोडवताना कोणाचे तरी काम गळायचे. शेवटी कंटाळून आमच्या सरांनी आठ महिन्यांपूर्वी या दोन्ही प्रकारच्या फाइली गिटमधून काढल्या आणि गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, टाकल्या. त्यांचे म्हणणे असे की, कोड म्हणजे सीएस फाइली. प्रोजेक्टची फाइल व्हिज्युअल स्टुडिओची (ज्यात आपण कोड लिहितो त्या प्रोग्रामची) असते, आपली नव्हे, ती ज्याने त्याने आपापली सांभाळावी. तेव्हापासून कॉन्फ्लिक्ट थांबले. पण जूनमध्ये रुजू झालेल्या मुलाला पहिला बिल्ड करायला तीन दिवस लागले. गेल्या महिन्यात तर एका पतसंस्थेला पाठवलेल्या रिलीजमध्ये दंडव्याजाच्या दुरुस्तीची एसक्यूएल स्क्रिप्ट गेलीच नाही, कारण ज्याच्या मशीनवर रिलीज तयार झाला त्याच्या प्रोजेक्टमध्ये ती जोडलेली नव्हती. सर म्हणतात, ‘काळजी घेत जा.’ मला वाटते, पद्धतच चुकते आहे. पण जुना त्रासही परत नको आहे. नेमके काय गिटमध्ये ठेवावे, काय ठेवू नये आणि आता मागे कसे फिरावे?
— एक टीम लीड, सांगली

उत्तर : पद्धत चुकते आहे हे तुमचे निदान बरोबर आहे, आणि ‘काळजी घेत जा’ हा त्यावरचा इलाज नव्हे. मात्र सरांनी ज्या त्रासापोटी हा निर्णय घेतला तो त्रास खरा होता, हेही मान्य करावे लागेल. त्यांचे वाक्यसुद्धा पूर्णपणे खोटे नाही. व्हिज्युअल स्टुडिओ स्वतःच्या सोयीसाठी बऱ्याच फाइली तयार करतो आणि त्यांना गिटमध्ये जागा देण्याचे काही कारण नसते. चूक एवढीच झाली की त्या फाइलींच्या पंगतीला एसएलएन आणि सीएसप्रोज यांनाही बसवले गेले.

एखादी सीएसप्रोज फाइल नोटपॅडमध्ये उघडून शांतपणे वाचा. कोणत्या फ्रेमवर्कवर प्रोजेक्ट चालायचा, कोणती पॅकेजे कोणत्या आवृत्तीची घ्यायची, कोणत्या फाइली कंपाइल करायच्या, कोणत्या डीएलएलच्या (बिल्डमधून तयार होणाऱ्या फाइलीच्या) पोटात भरायच्या आणि कोणत्या नुसत्या शेजारी कॉपी करायच्या, तयार होणाऱ्या असेंब्लीचे नाव काय, ती साइन करायची की नाही, हे सगळे तिथे लिहिलेले दिसेल. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्यापैकी कोणीतरी कधीतरी ठरवलेली आहे. व्हिज्युअल स्टुडिओने ती फक्त लिहून घेतली. शिवाय ही फाइल वाचणारा खरा वाचक व्हिज्युअल स्टुडिओ नसून एमएसबिल्ड हे बिल्ड करणारे साधन आहे. ज्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओचा मागमूसही नाही, तिथे नुसते डॉटनेटचे एसडीके टाकून बिल्डचा आदेश दिला तरी तो हीच फाइल मागतो. तेव्हा ती सीएस फाइलीइतकीच कोड आहे, आणि ती गिटमध्ये नसेल तर एका कमिटवरून (गिटमधल्या बदलांच्या एका नोंदीवरून) एकच सॉफ्टवेअर तयार होईल याची हमी कोणालाच देता येणार नाही. तुमच्या कार्यालयात आज सहा मशीन आणि १४ प्रोजेक्ट मिळून ८४ सीएसप्रोज फाइली आहेत, आणि त्यांतल्या बरोबर कोणत्या हे सांगू शकेल असा माणूस नाही.

दंडव्याजाच्या स्क्रिप्टचे जे झाले ते अपघाताने झाले नाही. सीएस फाइल प्रोजेक्टमध्ये जोडायची राहिली तर बहुतेक वेळा कंपाइलर ओरडतो, कारण दुसऱ्या कुठल्या तरी फाइलीत त्या क्लासचे नाव आलेले असते. एसक्यूएल स्क्रिप्ट, अहवालाची आरडीएलसी फाइल, एखादे चित्र यांच्याबाबतीत असा ओरडणारा कोणी नसतो. ‘ही फाइल एम्बेड करायची आहे’ ही नोंद फक्त सीएसप्रोजमध्ये असते. ती ओळ नसली तर बिल्ड निर्विघ्न पार पडतो, स्क्रिप्ट डिस्कवर जागच्या जागी असते, गिटमध्येही असते, फक्त ग्राहकाकडे जाणाऱ्या डीएलएलमध्ये नसते. अशा वेळी कोणी आणि कशाची काळजी घ्यायची होती, हे सरांना नम्रपणे विचारून पाहायला हरकत नाही.

आता काय ठेवायचे आणि काय नाही. कोणत्याही फाइलीबद्दल शंका आली की मी स्वतःला असे विचारतो : ही फाइल आत्ता पुसली तर मशीन ती स्वतःहून पुन्हा तयार करील, की कोणाला तरी आठवून लिहावी लागेल? बिन आणि ऑब्ज हे दोन्ही फोल्डर बिल्ड झाला की पुन्हा तयार होतात, म्हणून ते गिटबाहेर. न्यूगेटची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडची, पॅकेजे रिस्टोअर केली की परत येतात, म्हणून पॅकेजेसचे फोल्डर बाहेर. पण कोणते पॅकेज हवे हे सांगणारी पॅकेजेस कॉन्फिग फाइल किंवा सीएसप्रोजमधली पॅकेज रेफरन्सची ओळ आत, आणि पॅकेजे कुठून आणायची हे सांगणारी न्यूगेट कॉन्फिगही आत, फक्त तीत पासवर्ड नाही एवढे पाहून. व्हीएस नावाचे लपवलेले फोल्डर बाहेर. कोणाच्या खिडक्या कुठे उघड्या होत्या आणि ब्रेकपॉइंट कुठे लावले होते यांची नोंद ठेवणारी एसयूओ ही बायनरी फाइल व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून त्याच फोल्डरात राहते, आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ती सोल्यूशनच्या शेजारी पडलेली असायची. सीएसप्रोजच्या नावापुढे ‘यूजर’ लागून जी फाइल तयार होते तीही बाहेर, कारण डीबग करताना कोणते आर्ग्युमेंट द्यायचे, कोणता प्रोग्राम सुरू करायचा, असल्या तिच्यातल्या नोंदी त्या त्या माणसापुरत्या असतात. सर ज्या फाइलींना व्हिज्युअल स्टुडिओच्या म्हणतात त्या खरे तर या.

माझ्या या कसोटीला एक ठळक अपवाद आहे. विंडोज फॉर्मच्या मागे असलेली डिझायनर सीएस फाइल यंत्राने लिहिलेली असते, तिच्यातल्या कोडावर ‘हात लावू नका’ अशा अर्थाची सूचनाही असते, आणि तरीही ती गिटमध्ये असलीच पाहिजे. फॉर्मवरचे प्रत्येक बटण आणि त्याची जागा तिथेच नोंदलेली असते आणि बिल्ड ती फाइल काही पुन्हा तयार करून देत नाही. फॉर्मवरचा मजकूर आणि चित्रे ठेवणाऱ्या रेसएक्स फाइलींचेही तसेच.

गिटइग्नोर हाताने लिहीत बसू नका. ‘डॉटनेट न्यू गिटइग्नोर’ हा आदेश दिला की तयार फाइल मिळते. गिटहबवरही व्हिज्युअल स्टुडिओसाठीचा असा नमुना ठेवलेला आहे. त्या तयार नमुन्यात मात्र एक खड्डा आहे. लॉग, लॉग्ज, डीबग, रिलीज अशा नावांची फोल्डरे कुठेही असली तरी तो वगळतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तारण सोडवण्याच्या कामासाठी कोणी ‘रिलीज’ नावाचे कोडचे फोल्डर केले असेल, किंवा नोंदी लिहिणारे क्लास ‘लॉग’ नावाच्या फोल्डरात ठेवले असतील, तर ते एकाच मशीनवर नांदत राहतील आणि गिटला त्यांचा पत्ताही लागणार नाही. एखादी फाइल का वगळली जाते हे कळत नसेल तेव्हा ‘गिट चेक इग्नोर’ हा आदेश व्ही या पर्यायासह द्यावा. कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीमुळे ती वगळली गेली हे तो थेट सांगतो.

आता मुख्य दुखणे, म्हणजे कॉन्फ्लिक्ट. सीएसप्रोजमध्ये इतक्या वारंवार कॉन्फ्लिक्ट येत होते यावरून तुमचे प्रोजेक्ट जुन्या धाटणीचे असावेत असा माझा अंदाज आहे. जुन्या धाटणीत प्रत्येक सीएस फाइलीसाठी सीएसप्रोजमध्ये वेगळी ओळ असते. दोघांनी आपापल्या ब्रँचवर एकेक फाइल जोडली आणि त्या ओळी शेजारशेजारी आल्या की गिट थांबतो आणि विचारतो, कोणती ठेवू? अशा वेळी बहुतेकदा उत्तर ‘दोन्ही’ असे असते. पण संध्याकाळी सहाला घाईत असलेला माणूस ‘माझी ठेव’ असे बटण दाबतो आणि दुसऱ्याची ओळ जाते. तुमच्याकडे जी गळती व्हायची ती गिटमुळे नव्हे, या बटणामुळे व्हायची. सीएसप्रोजमधला कॉन्फ्लिक्ट नेहमी दोन्ही बाजू समोर ठेवून ओळ न् ओळ वाचून सोडवावा आणि सोडवल्यावर सोल्यूशन उघडून बिल्ड केल्याशिवाय कमिट करू नये, एवढा एक नियम जरी सहाजणांनी पाळला तरी फरक पडेल.

एसएलएन फाइलीचे प्रकरण जास्त नाजूक आहे, आणि ती कोणी वाचत नाही हीच तिची अडचण. तिच्यात प्रत्येक प्रोजेक्टची एक ओळ असते : प्रकार सांगणारा एक लांबलचक ग्युइड (ओळख क्रमांक), प्रोजेक्टचे नाव, त्याचा रस्ता आणि प्रोजेक्टचा स्वतःचा ग्युइड. त्याखाली कॉन्फिगरेशनचा भाग येतो आणि तिथे प्रत्येक प्रोजेक्टसाठी, प्रत्येक कॉन्फिगरेशनमागे, दोन-दोन ओळी असतात. पहिली ‘ॲक्टिव्ह सीएफजी’ अशी संपते आणि दुसरी ‘बिल्ड’, टिंब आणि शून्य अशी. डीबग आणि रिलीज ही दोन, आणि त्या प्रत्येकात एनी सीपीयू, एक्स ६४ आणि एक्स ८६ असे तीन प्लॅटफॉर्म धरले तर सहा कॉन्फिगरेशने होतात. म्हणजे एका प्रोजेक्टमागे १२ ओळी आणि तुमच्या १४ प्रोजेक्टांसाठी १६८ ओळी, त्याही प्रत्येकी ३२ अंकी ग्युइडने सुरू होणाऱ्या. एवढ्या ओळींत मर्ज करताना एखादी कशी हरवते हे सांगायला नकोच.

हरवलेली ओळ ‘बिल्ड शून्य’ची असेल तर काय होते ते मी स्वतः भोगले आहे. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे पासबुक छापणारा एक छोटा प्रोजेक्ट होता. बाकीचे प्रोजेक्ट त्याला रेफरन्स करत नसत. सॉफ्टवेअर चालू असताना त्याची डीएलएल नावाने लोड होत असे. एका मर्जमध्ये त्या प्रोजेक्टची रिलीज कॉन्फिगरेशनमधली ती ओळ गेली. तिचा अर्थ ‘या कॉन्फिगरेशनमध्ये हा प्रोजेक्ट बिल्ड करा’ एवढाच असतो आणि ती नसली तर कसलीही चूक दाखवली जात नाही. सोल्यूशन बिल्ड होते, फक्त तो प्रोजेक्ट गुपचूप वगळला जातो. डीबगची ओळ शाबूत होती, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या मशीनवर सारे ठीक. रिलीजच्या फोल्डरात मात्र मागच्या बिल्डची जुनी डीएलएल पडून होती आणि तीच ग्राहकांकडे जात राहिली. पासबुकावरची शेवटची शिल्लक खालच्या रेघेवर छापली जाते ही तक्रार आम्ही तीनदा ‘दुरुस्त’ केली. चौथ्या वेळी कोणाला तरी डीएलएलची तारीख पाहण्याची बुद्धी झाली. म्हणून एसएलएनमध्ये मर्ज झाला की कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडून रिलीजच्या रकान्यातल्या सगळ्या खुणा डोळ्यांनी पाहाव्यात, आणि रिलीज नेहमी रिकाम्या फोल्डरात, नव्या क्लोनवरून (गिटमधून घेतलेल्या कोऱ्या प्रतीवरून) करावा.

एसएलएन सहसा रोज बदलण्याची गरज नसते. नवा प्रोजेक्ट जोडणे, नाव बदलणे, काढून टाकणे ही कामे वेगळ्या छोट्या कमिटमध्ये करावीत आणि त्या कमिटमध्ये दुसरे काहीही घालू नये. क्रम असा : टीमला सांगायचे, पुल करायचे (इतरांचे बदल आपल्याकडे आणायचे), प्रोजेक्ट जोडायचा, सगळे सेव्ह करायचे, बिल्ड करायचे, कमिट आणि लगेच पुश, मध्ये चहाला उठायचे नाही. यातले ‘सगळे सेव्ह करायचे’ मी मुद्दाम लिहिले आहे. जुन्या धाटणीच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नवी फाइल जोडलीत तर ती सीएस फाइल लगेच डिस्कवर येते, पण सीएसप्रोजमधला बदल ‘सेव्ह ऑल’ होईपर्यंत व्हिज्युअल स्टुडिओच्या पोटातच राहू शकतो. तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून गिटचा कमिट केला की सीएस फाइल जाते आणि तिला प्रोजेक्टमध्ये जोडणारी ओळ मागे राहते. याच्या उलट घडणारी चूक म्हणजे सीएसप्रोज कमिट झाली पण नवी सीएस फाइल गिटमध्ये ॲड करायचीच राहिली. ही निदान दुसऱ्याच्या मशीनवर ‘सोर्स फाइल सापडत नाही’ असा ठणठणीत एरर देते, म्हणून मी तिला त्यातल्या त्यात सज्जन चूक म्हणतो.

कोणी तुम्हाला असेही सुचवील की गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत या फाइलींसाठी मर्जची ‘युनियन’ पद्धत लावा, म्हणजे गिट न विचारता दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवील. सीएसप्रोजमधल्या साध्या फाइलींच्या यादीसाठी ते बऱ्यापैकी चालते. पण दोघांनी एकाच पॅकेजची आवृत्ती वेगवेगळी केली असेल तर दोन्ही आवृत्त्या फाइलीत राहतील आणि कोणालाही विचारले जाणार नाही. एसएलएनला तर मी ती कधीच लावणार नाही. गिटॲट्रिब्यूट्सचा खरा उपयोग ओळींच्या शेवटासाठी आहे : या दोन्ही प्रकारच्या फाइली टेक्स्ट आहेत आणि त्यांच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपतात, असे तिथे लिहून ठेवले की ‘एक ओळ बदलली आणि गिट सगळी फाइल बदलल्याचे दाखवतो’ हा प्रकार थांबतो. तुमच्या जुन्या कॉन्फ्लिक्टांपैकी काही तरी यातूनच आले असतील असा मला संशय आहे.

कायमचा उपाय हवा असेल तर सीएसप्रोज फाइल लहान करा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ बरोबर आलेल्या एसडीके धाटणीत फोल्डरातल्या सगळ्या सीएस फाइली आपोआप घेतल्या जातात, त्यांची यादी लिहावी लागत नाही, आणि त्यामुळे फाइल जोडल्याने कॉन्फ्लिक्ट होण्याचे मूळच जाते. कित्येक शे ओळींची सीएसप्रोज वीस-पंचवीस ओळींवर येते. यासाठी डॉटनेट फ्रेमवर्क सोडावे लागत नाही, ४.८ वर चालणारी क्लास लायब्ररी किंवा विंडोज फॉर्मचा प्रोजेक्टही या धाटणीत लिहिता येतो. वेबफॉर्म्सचे किंवा जुन्या एमव्हीसीचे वेब प्रोजेक्ट असतील तर ते मात्र जुन्याच धाटणीत राहू द्या, तिथे हट्ट महागात पडतो. एसक्यूएल स्क्रिप्ट नव्या धाटणीतही आपोआप एम्बेड होत नाहीत, पण ‘स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या सगळ्या एसक्यूएल फाइली एम्बेड करा’ अशा अर्थाची एकच ओळ तारांकन वापरून लिहिता येते, आणि ती लिहिली की दंडव्याजाची स्क्रिप्ट राहून जाण्याचा प्रश्न उरत नाही. याची किंमत अशी की फोल्डरात कोणी सहज ठेवलेली ‘कॉपी’ किंवा ‘जुनी’ नावाची फाइलही कंपाइल होऊ लागते. मला ती किंमत बरी वाटते, कारण ती लगेच दिसते. एका दिवसात १४ प्रोजेक्ट बदलू नका. कमी रेफरन्स असलेल्या एखाद्या लायब्ररीपासून सुरुवात करा.

सोल्यूशनसाठी आता एसएलएनएक्स ही नवी, एक्सएमएलमध्ये लिहिलेली धाटणी आली आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१४ आवृत्तीत ती नीट चालते, आणि तिच्यात ग्युइडांचे जंगल नसते. प्रोजेक्टमागे साधारण एक ओळ. सहाजणांकडे तेवढी नवी आवृत्ती असेल तरच तिकडे वळा, आणि वळलात तर जुनी एसएलएन त्याच कमिटमध्ये काढून टाका. दोन्ही शेजारी ठेवल्या तर थोड्याच दिवसांत त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात.

राहिला ‘ज्याने त्याने आपापली’ हा मुद्दा. प्रत्येकाच्या मशीनवर काहीतरी वेगळे असतेच आणि ते सामाईक फाइलीत लिहावे लागते म्हणून भांडणे होतात. यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे रेफरन्सचा रस्ता. एखादी विकत घेतलेली डीएलएल कोणी ‘डी’ ड्राइव्हवरून जोडली की हिंटपाथमध्ये (डीएलएल कुठे आहे ते सांगणाऱ्या सीएसप्रोजमधल्या ओळीत) त्याच्या मशीनचा रस्ता उमटतो आणि दुसऱ्याकडे ती सापडत नाही. मग तो आपला रस्ता लिहितो, तिसरा आपला. तुमच्या नव्या मुलाचे तीन दिवस बहुधा यातच गेले. न्यूगेटवर नसलेल्या अशा डीएलएलसाठी रिपॉझिटरीच्या आतच ‘लिब’ नावाचे फोल्डर करा, ती तिथे कमिट करा आणि रस्ता सापेक्ष ठेवा. फक्त ते फोल्डर बिनच्या आत नको, नाहीतर गिटइग्नोर ते गिळेल. बाकी वैयक्तिक फरकांसाठी दोन जागा आहेत. एक म्हणजे वर सांगितलेली ‘यूजर’ फाइल. एमएसबिल्ड ती असल्यास आपण होऊन वाचतो. दुसरी म्हणजे रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवलेली ‘डिरेक्टरी बिल्ड प्रॉप्स’ ही फाइल, जी व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून खालच्या सगळ्या प्रोजेक्टांना आपोआप लागू होते. तिच्यात सामाईक गोष्टी लिहाव्यात आणि शेवटी, ‘लोकल प्रॉप्स’ नावाची फाइल शेजारी असेल तर तीही वाच, अशी एक अट घालून ठेवावी. ती लोकल फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे ज्याची त्याच्यापाशी. सरांना जे हवे होते ते असे मिळते.

मागे फिरण्याचे काम एका दिवशी, सगळे हजर असताना करा, आणि त्यात एका ठिकाणी खरोखर सावध राहा. गिट वगळलेल्या फाइलींना टाकाऊ समजतो. सीएसप्रोज गिटइग्नोरमध्ये असताना तुम्ही त्या परत कमिट केल्यात आणि बाकीच्यांनी पुल केले, तर गिट त्यांच्या मशीनवरच्या त्याच नावाच्या फाइली काहीही न विचारता पुसून तुमच्या ठेवील. आठ महिन्यांत त्यांनी आपापल्या फाइलींत जोडलेल्या ओळी जातील. म्हणून आधी सहाही मशीनवरच्या एसएलएन आणि सीएसप्रोज फाइली सहा वेगळ्या फोल्डरांत गोळा करा. सातव्या फोल्डरात आठ महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या चांगल्या कमिटमधल्या फाइली घ्या. त्या इतिहासात अजून आहेत. मग एकेक प्रोजेक्ट घेऊन तुलना करा आणि प्रत्येक फरकापुढे ‘हे हवे का’ असे विचारून एकच फाइल तयार करा. हे कंटाळवाणे काम आहे, दिवस जाईल, पण याच बैठकीत कोणाच्या रिलीजमध्ये काय जात नव्हते तेही उघड होईल. त्यानंतर गिटइग्नोर बदला, फाइली ॲड करा आणि कमिट करा.

त्याच वेळी कोणाच्या यूजर किंवा एसयूओ फाइली चुकून गिटमध्ये गेलेल्या असतील तर त्या नुसत्या गिटइग्नोरमध्ये लिहून जात नाहीत, कारण जी फाइल आधीपासून गिटकडे आहे तिला तो नियम लागू होत नाही. ‘गिट आरएम’ हा आदेश कॅश्ड या पर्यायासह द्यावा लागतो. तुमच्या डिस्कवरची फाइल त्याने राहते, पण तो कमिट पुल करणाऱ्यांच्या डिस्कवरून ती जाते. तेव्हा त्यांना आधी कॉपी करून ठेवायला सांगा.

तपासणीसाठी नव्या मुलाचे मशीन घ्या. त्याला एका कोऱ्या फोल्डरात क्लोन करायला सांगा, रिस्टोअर आणि बिल्ड करू द्या, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या कोणीही तोंड उघडू नये. तो जिथे अडेल तिथे गिटमध्ये काहीतरी राहिले आहे. एखादी गोष्ट साधी वाटते पण अडवते : एसयूओ फाइल नसल्यामुळे नव्या क्लोनमध्ये स्टार्टअप प्रोजेक्ट म्हणून साधारणतः सोल्यूशनमधला पहिला प्रोजेक्ट उचलला जातो, तेव्हा चालवायचा मुख्य प्रोजेक्ट एसएलएनमध्ये सर्वांत वर ठेवा.

सरांशी बोलताना कॉन्फ्लिक्टचा वाद काढू नका. मार्चअखेरीस पतसंस्थांना पाठवलेला रिलीज आज, त्याच कमिटवरून, पुन्हा तयार करून दाखवता येईल का, एवढेच विचारा. एखाद्या संस्थेच्या लेखापरीक्षकाने त्या वेळच्या व्याजाच्या हिशोबाबद्दल शंका काढली तर ते करावेच लागेल, आणि सध्याच्या पद्धतीत ते शक्य नाही. हे सारे काम पुढच्या मार्चच्या पुष्कळ आधी उरका. काम झाल्यावर सगळ्यांनी नवा क्लोन घ्यावा. जुन्या फोल्डराचे नाव बदलून ते निदान महिनाभर तसेच ठेवावे, आणि तोवर त्यात ‘गिट क्लीन’ हा आदेश एक्स या पर्यायासह कोणीही चालवू नये, कारण तो वगळलेल्या फाइलींसकट सगळे झाडून नेतो आणि त्या फोल्डरात वगळलेल्या फाइली म्हणजे तुमच्या जुन्या सीएसप्रोजच आहेत.